बुरण्णाच्या डब्यात काय आहे

सौभाग्यवती अंबुबाई विहीणबाई यांना बेळगाव-शहापूरच्या बोळातून मालुबाईचा दोन्ही हात जोडून नमस्कार.

तुमचे गुडघे, व्याह्यांचा डोळा आणि नीलमची कंबर, या तिन्हींची खुशाली मी माझ्या नातवाला, विक्रमला, दर रविवारी विचारते. तो निपाणीहून येतो, बूट काढतो आणि "बरं हाय सगळं" म्हणतो. एवढ्यावरून माणसानं काय समजायचं? गुडघे बरे की डोळा बरा? तेव्हा तुम्हीच एकदा सविस्तर कळवा. नीलमला म्हणावं, आठवा लागलाय, आता फोनवर बोलत जिना चढायचा नाही. इकडे मी ठीक आहे. शेजारचा माग सकाळी सुरू झाला की माझी कवळी त्याच्या तालावर हलते, तेवढं सोडलं तर तक्रार नाही. (खरं तर विहिणी म्हणजे तुमची सून आणि माझी सून, लग्नात मान त्यांचा. पण आपण दोघी आज्या जित्या असताना त्यांना कोण विचारतंय?)

फोन असताना ही म्हातारी पत्र का पाठवते, असं तुमच्या मनात येईल. फोनवर तुम्ही मधेच बोलता, म्हणून. पत्रात तुम्हाला बोलता येत नाही, शेवटपर्यंत ऐकूनच घ्यावं लागतं. शिवाय तुम्ही चौथीपर्यंत शिकलात, हे सोयरीक जुळल्यापासून तुम्ही मला एकदाही विसरू दिलं नाही, त्याचा आज उपयोग होऊ दे. मला अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. मी सांगते आणि माझी नात पूर्णिमा लिहिते. ती बँकेत असल्यामुळे माझं बोलणं इस्त्री करून लिहिते, त्यामुळे कुठं फार शहाणपणाचं वाटलं तर ते तिचं समजा. पत्र देवघरात एकटीनं वाचा. मोठ्यानं वाचू नका.

परवा तुम्ही फोनवर दोन गोष्टी विचारल्यात. एक, मालुबाई, तुमच्या सांडग्यांत असं काय घालता, की आमचे हे बेळगावहून आल्यापासून त्याच सांडग्यांचं कौतुक करताहेत आणि माझे ताटात तसेच ठेवताहेत? आणि दुसरी, त्या कुत्र्याला खानापूरला माझ्या भावाच्या काजूच्या मळ्यावर कधी धाडता? तुमचं म्हणणं, कुत्रं तुम्हाला पोसवत नाही, वाळून चाललंय, आणि घरात बाळ यायच्या आत ते गेलेलं बरं. दोन्हींची उत्तरं देते, पण माझ्या क्रमानं. मधलं काही वगळून पुढं वाचू नका, कारण पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याच्या पोटात आहे.

ब्रुनो आमच्याकडे आला तो तुमच्याच घरातून. आम्ही देणंघेणं काही नको म्हटलं होतं, म्हणून तुम्ही नातीबरोबर कुत्रं दिलंत. माझ्या तोंडात ते नाव बसत नाही, मी त्याला बुरण्णा म्हणते, आणि तोही अण्णा म्हटल्यासारखा सावकाश वळून बघतो. इतके दिवस त्याचं खाणंपिणं नीलम वरच्या खोलीत करायची, मला त्यातलं ठाऊक नव्हतं. बाळंतपणाला माहेरी जाताना तिनं कपाटात डबे रचून ठेवले आणि मला बजावलं, आजी, याला हेच द्यायचं, घरातलं काही नाही. मी बरं म्हटलं. आणि ती गेली त्या दिवसापासून यानं तोंड फिरवलं. डबा फोडून ताटलीत काढला की वास घ्यायचा, माझ्याकडे बघायचं, आणि भिंतीकडे तोंड करून निजायचं. एखादा दिवस चार घास खाल्ले तर खाल्ले. बरगड्या दिसायला लागल्या. विक्रमनं ते तुमच्याकडे बोलून दाखवलं आणि तुम्ही लगेच मळा काढलात. अंबुबाई, या कुत्र्याला मळ्यावर राखण करायला ठेवलंत तर तो चोराला काजू कुठं वाळत घातलेत ते दाखवून येईल. पण ते असो. मी मनाशी म्हटलं, मुकं जनावर खात नाही, तर आधी त्याच्या ताटात काय पडतंय ते बघितलं पाहिजे.

डबा हातात घेऊन बसले. वर चित्र असं झकास, की अख्खी कोंबडी, गाजर, वाटाणे आणि शेजारी एक कुत्रं, आपल्या बुरण्णापेक्षा देखणं, जीभ काढून हसतंय. डबा कानाशी हलवला, आतून डबक डबक आवाज आला. फोडला, वास घेतला, बोटावर घेऊन जिभेला लावलं. (नाक मुरडू नका. मी सुनेच्या हातचंसुद्धा चाखल्याशिवाय कुणाच्या ताटात वाढलेलं नाही.) मीठ नाही, तिखट नाही, काळजाची चव आणि मागून पिठाची. वाईट नव्हतं. आजारी माणसाला चाललं असतं.

मग पूर्णिमा बँकेतून आल्यावर तिला डब्याची पाठ वाचायला बसवली. तिकडची अक्षरं एवढी बारीक, की वाचता येणारी आणि मी, दोघी एका पातळीवर आलो. शेवटी तिनं फोटो काढून मोठा केला. तिचं म्हणणं, जे जास्त घातलंय ते आधी लिहायचं असा नियम असतो. तर आधी काय होतं? पाणी. त्यानंतर कोंबडीचं काळीज, फुप्फुस आणि असलंच आतलं काहीबाही. मग तांदळाचं पीठ. चित्रातली कोंबडी कुठं आहे म्हटलं, तर ती पिठाच्याही मागं, शंभरात चार भाग. गाजर-वाटाणे तिच्याही मागं, म्हणजे चित्रापुरतेच. आणि सगळं धरून ठेवायला गवारीच्या बियांचा डिंक. त्या गवारीच्या भाजीवरून विक्रम लहानपणी माझ्याशी भांडायचा, आणि आता तिचाच डिंक विकत आणून कुत्र्याला घालतो. पूर्णिमानं पुढं वाचलं, ओलावा शंभरात ब्याऐंशी. मला तो शब्द आवडला. आमच्या गवळ्याला अजून सुचलेला नाही.

नीलमच्याच कपाटात कोरड्या खाद्याची एक पिशवी पण होती, गोळ्या गोळ्या, न फोडलेली. पूर्णिमानं तिची पाठ वाचली आणि न्यायाधीशासारखी बोलली, "आजी, गोळ्यांत प्रथिनं बावीस, डब्यात आठ. डबा फसवा आहे." मी म्हटलं, अगं बाई, तू ओली संकेश्वरी मिरची एका पारड्यात टाकतीस आणि वाळकी दुसऱ्या पारड्यात, आणि म्हणतीस ओलीत तिखट कमी. आधी ओली वाळव, मग बोल. ती म्हणाली, डब्यातलं कसं वाळवणार? मी म्हटलं, गच्ची कशाला बांधलीय?

इथून पुढं जरा सावकाश वाचा.

त्याच आठवड्यात मी कोहळ्याचे सांडगे घातले होते. गच्चीच्या एका कोपऱ्यात माझं जुनं लुगडं पसरून त्यावर ते, आणि पार दुसऱ्या कोपऱ्यात विक्रमच्या लग्नातल्या धोतराच्या तुकड्यावर बुरण्णाचा डबा. आता एकसारखं वाळायचं तर पातळ पसरून चालत नाही, फोडीफोडीनं घालावं लागतं. माझ्या हाताला एकच फोड येते. एवढी वर्षं सांडगेच घातलेत, बोटं दुसरं काही शिकलेली नाहीत. त्यामुळे दोन्ही कोपऱ्यांतला माल दिसायला सख्ख्या भावांसारखा. चैत्राचं ऊन, तीन दिवसांत खडखडीत वाळलं. आणि बघा, एवढ्या मोठ्या डब्यातून निघालं काय, तर माझी ओंजळसुद्धा भरेना. पण पूर्णिमानं पाणी वजा करून हिशोब मांडला. पाणी गेल्यावर डब्यातली प्रथिनं गोळ्यांच्या दुपटीवर भरत होती. फसवा काही नव्हता, नुसता पातळ होता. (मी नुसतं तिच्याकडे बघितलं. लिही गं, लाजू नको.)

पण म्हणून मी जिंकले असं समजू नका. डब्यात असं काय कमी आहे म्हणून तो खात नाही, या शोधात मी मधल्या काळात एक उद्योग करून बसले होते. मटणाचा रस्सा, भरपूर कांदा-लसूण, तिखट तेवढं बेताचं, त्यात भाकरी कुस्करून त्याच्यापुढं ठेवली. ती त्यानं चाटूनपुसून खाल्ली. मी विजयी मुद्रेनं त्याला रिक्षात घालून टिळकवाडीला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले, त्या सुविधाताई. त्यांनी ऐकून घेतलं आणि चष्मा काढला. कांदा-लसणानं कुत्र्याचं रक्त नासतं म्हणाल्या. थोडक्यात निभावलं, पण पुन्हा घातलात तर मी आजीबाई म्हणणार नाही, सरळ ओरडेन, असा वर दम दिला. शहापूर येईपर्यंत बुरण्णा रिक्षात माझ्या मांडीवर डोकं ठेवून, जसं काही त्याचीच चूक, असं तोंड करून बसला होता.

सुविधाताईंनी डबापण बघितला. चित्राकडे बघितलंच नाही. एका कडेला एक ओळ होती त्यावर नख ठेवलं. तिथं लिहिलेलं होतं, हा पूरक आहार आहे. म्हणजे पुरा न्हवं. त्या म्हणाल्या, काही डब्यांवर संपूर्ण आहार लिहिलेलं असतं, तो एकटा चालतो. यात हाडाला लागणारे, रक्ताला लागणारे क्षार पुरे नाहीत, हा गोळ्यांच्या जोडीनं द्यायचा. मला लगेच उमगलं. हा डबा म्हणजे तोंडी लावणं. नीलम बिचारी डबा आणि गोळ्या दोन्ही घालत असणार, जाताना सांगायच्या गडबडीत गोळ्या राहून गेल्या, आणि मी कुत्र्याला नुसत्या लोणच्यावर जेवायला बसवत होते.

असा सगळा उलगडा झाला आणि दुसऱ्या दिवशी सोमवार आला. सोमवारी तुमचे परशरामअण्णा डोळा दाखवायला बेळगावात आले आणि जेवायला इथं. डोळ्यात थेंब घातलेले, समोरचं सगळं धुरकट. सोमवार म्हणून मी साधाच बेत केला, भात, आमटी, वांगं आणि तळलेले सांडगे. आता आदल्या संध्याकाळी वाळवण खाली कुणी आणलं? विक्रमनं. तो उद्यमबागेत कारखान्यात, एकसारखे दिसणारे नग एका पेटीत टाकायचे ही त्याची दहा वर्षांची सवय. त्यानं दोन्ही कोपऱ्यांतलं मिळून एका डब्यात भरलं, झाकण लावलं आणि मला न सांगता फळीवर ठेवलं. मी तो डबा काढला, मूठ भरली, कढईत सोडली. फुललेसुद्धा छान.

मला कळलं ते बुरण्णामुळं. अण्णा पाटावर बसलेले, मी वाढतेय, आणि हा इतके दिवस भिंतीकडे तोंड करून निजणारा कुत्रा उठला, अंग झाडलं, आणि अण्णांच्या पाटाशेजारी जाऊन पंगतीला बसल्यासारखा बसला. नजर सांडग्यांवर. अण्णांनी कौतुकानं एक त्याला टाकला. कुडूम्. मग एक स्वतः खाल्ला. मग त्याला एक. माझ्या हातातली पळी तशीच राहिली. कोहळ्याच्या सांडग्याला हे कुत्रं कधी हुंगलेलं नाही, विहीणबाई.

आता तुम्हीच सांगा, मी काय करायचं होतं? घरच्या माणसाच्या ताटातून काढून घेतलं असतं. पण व्याह्याच्या ताटातून? व्याही ताटावर बसलेला असताना यजमानीण हात पुढं करते ती वाढायला. आणि अण्णा वर तोंड करून म्हणाले, "मालुबाई, लई झकास झाल्यात वो. मीठ बेताचं, चव खोल. आणखी असतील तर आणा की." हा माणूस उभा जन्म निपाणीच्या वखारीत तंबाखू हुंगून कुठल्या गावच्या मातीतली ते सांगणारा, आणि तो म्हणतोय चव खोल. आग्रह न करता बसले असते तर तुम्हीच उद्या म्हणाला असता, शहापूरकरांनी व्याह्याला मोजून वाढलं. मी वाढले. पुन्हा मागितले, पुन्हा वाढले. त्यांचा आणि बुरण्णाचा एकास एक हिशोब चालला होता.

सोमवार होता हे मला ठाऊक आहे, आणि अण्णांचा सोमवार तुमच्या लग्नाआधीपासूनचा, हेही. पण निम्मे कोहळ्याचे असतील, उरलेल्यात कोंबडी शंभरात चार, आणि देव काही डब्यावरची बारीक अक्षरं वाचत बसत नसणार.

तर अशी माझ्या सांडग्यांची कृती. तुमच्या हातात काही खोट नाही. तुमच्या सांडग्यांत काळीज नसतं, एवढाच फरक.

बाकी काय लिहू. लहानांना आशीर्वाद, सुनेला गुडघे सांभाळायला सांगा, तिचेही आता दुखायला लागतील. विक्रमच्या हाती पत्र देतेय, पाकीट पूर्णिमानं समोर बसून चिकटवलंय.

तुमची विहीण,
मालुबाई (हा उजव्या बाजूचा ठिपका म्हणजे माझा अंगठा. तेलाचा डाग समजून पुसू नका.)

ता. क. एक विचारायचं राहिलं. त्या मळ्याचं मनातून काढून टाका. बुरण्णा इथंच राहू दे, बाळ आल्यावरही. गोळ्या आणि डबा दोन्ही चालू केलेत, सुविधाताई दर महिन्याला वजन बघणार आहेत, आणि कांदा या घरात आता माझ्या नजरेखालून कापला जातो. तुमचा होकार आला, तर सोमवारच्या जेवणाबद्दल मी अण्णांना जन्मात काही बोलणार नाही. नाही आला, तर माझं वय झालंय, कधी काय तोंडातून जाईल सांगता येत नाही.

ता. क. दुसरा. पूर्णिमा म्हणते हे धमकी दिल्यासारखं झालं, आणि लिहायचं थांबून बसलीय. तेव्हा खरं सांगून टाकते. अण्णांना ठाऊक आहे. गुरुवारी डोळा पुन्हा दाखवायला आले तेव्हा नजर लख्ख होती, आणि फळीवरचा बुरण्णाचा रिकामा डबा त्यांनी स्वतः काढून हुंगला आणि वाचला. त्यांचं नाक सोमवारीच काहीतरी सांगत होतं म्हणे, पण तीनदा तारीफ करून झाल्यावर माणूस मागं कसा फिरणार. त्यांनी मला एवढंच विचारलं, की मालुबाई, कोंबडी नक्की चारच भाग ना? मी म्हटलं, चारच. पूर्णिमा काळजा-फुप्फुसाची ओळ वाचायला लागली, तिच्या पायावर मी पाय दिला. मग अण्णा म्हणाले, अंबुला कळू देऊ नका, ती माझा सोमवार काढून घेईल आणि सांडगे पण. बदल्यात कुत्र्याबद्दल तेच तुमच्याशी बोलणार आहेत. ते बोलायला आले की तुम्ही थोडं नाही नाही करा, मग हो म्हणा. त्यांना बरं वाटेल.

ता. क. शेवटचा. हा वाचून झाल्यावर नीलमला सांगितलात तरी चालेल. डब्याची एवढी चौकशी केली, वाळवलं, तोललं, डॉक्टर केले, आणि सगळं योग्य जोडीनं वाढलं, तरी काल बुरण्णानं पुन्हा तोंड फिरवलं. मला राग आला. माझे गुडघे खाली वाकत नाहीत, तरी भिंत धरून त्याच्याशेजारी जमिनीवर बसले आणि त्याला बोलायला लागले, बाबा रे, तुला हवंय तरी काय. बोलता बोलता बघते तर ताटली रिकामी. आजही बसले, आजही खाल्लं. नीलमला विचारा, ती वरच्या खोलीत त्याच्याशेजारी बसून बोलत होती का. होती असणार. सोमवारी अण्णा पाटावर बसले होते, म्हणून तेव्हा खाल्लं त्यानं. त्या डब्याच्या पाठीवर हे कुठंच लिहिलेलं नाही, पूर्णिमानं पुन्हा वाचून बघितलं. तर आता रोज दोनदा मला खाली बसावं लागणार. बसायचं मी बघते. उठवायला कुणीतरी लागेल, तेवढं नीलमला बाळंतपण झाल्यावर फार दिवस ठेवून घेऊ नका.